स्मिथ-कर्न्स मॉडेल: डॉलर स्पॉटवर औषध कधी मारायचं हे सांगणारं गणित कितपत भरवशाचं?

लॉनवर बुरशीनाशक मारणाऱ्या बहुतेकांचं वेळापत्रक भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. चौदा दिवस झाले की टाकी भरायची, रोग असो वा नसो. अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवर डॉलर स्पॉटसाठी (गवतावर फिकट डाग पाडणारा बुरशीजन्य रोग) वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे, आणि तिथे टर्फच्या, म्हणजे कापून राखलेल्या गवताच्या, दुसऱ्या कुठल्याही रोगावर एवढा पैसा खर्च होत नाही. स्मिथ-कर्न्स मॉडेल हे या सवयीला दिलेलं फुकट उत्तर आहे. डेमन स्मिथ, जेम्स कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २०१८ साली ‘प्लॉस वन’ या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केलं. आज विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या टर्फ रोगनिदान प्रयोगशाळेची साइट, ओक्लाहोमा मेसोनेट हे हवामान केंद्रांचं जाळं, सिंजेंटा या औषध कंपनीचं ग्रीनकास्ट अशा ठिकाणी त्याचा आकडा रोज बघायला मिळतो. ज्याला साइट नको त्याला घरच्या एक्सेलसारख्या शीटमध्येही तो काढता येतो.

निकाल आधीच सांगून टाकतो: हंगामाची सुरुवात आणि शेवट ठरवायला हे साधन उत्तम आहे, मधल्या दमट महिन्यांत जेमतेम कामाचं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जवळपास निरुपयोगी. कारण गणितातच आहे.

आत काय आहे

मॉडेलला फक्त दोन गोष्टी लागतात: गेल्या पाच दिवसांचं सरासरी तापमान (सेल्सिअसमध्ये) आणि त्याच पाच दिवसांची सरासरी सापेक्ष आर्द्रता (टक्क्यांत). आर्द्रतेला ०.०८९४ ने गुणायचं, तापमानाला ०.१९३२ ने, दोन्हींची बेरीज करून त्यातून ११.४०४१ वजा करायचे. आलेल्या आकड्याचा २.७१८ वर घात चढवायचा आणि त्या उत्तराला ‘एक अधिक तेच उत्तर’ याने भागायचं. हाती येते ती रोग दिसण्याची शक्यता. ती २० टक्क्यांवर गेली की फवारणी.

एक उदाहरण करून बघू. पाच दिवसांची सरासरी १९ अंश आणि आर्द्रता ७६ टक्के. ६.७९ अधिक ३.६७ म्हणजे १०.४६, त्यातून ११.४० गेले, उरले उणे ०.९४. शक्यता २८ टक्के. टाकी भरा.

उलटं गणित केलं तर स्वभाव जास्त कळतो. २० टक्क्यांची रेषा आर्द्रता ९० असताना साधारण १० अंशांवर ओलांडली जाते, ८० असताना १५ अंशांच्या आसपास, ७० ला साडेएकोणीस, ६० ला २४ आणि ५० ला साडेअठ्ठावीसच्या थोडं पुढे. म्हणजे आर्द्रतेचे दहा टक्के आणि तापमानाचे साडेचार अंश यांचं वजन जवळपास सारखं. हा छोटा तक्ता औषधाच्या खोलीच्या दारावर चिकटवला तर रोज साइट उघडायचीही गरज उरत नाही.

सरासरी मात्र दर तासाच्या नोंदींची हवी. कमाल-किमानची बेरीज करून दोनने भागलं की तापमान चालून जातं, आर्द्रता जात नाही. पहाटे ९८ आणि दुपारी ४० असलेल्या दिवशी खरी सरासरी ६९ असेलच असं नाही. रात्र लांब असेल तर ती वर सरकते.

आधीच्या साधनांशी तुलना

ऑन्टारिओमध्ये १९८० च्या दशकात दोन नियम तयार झाले होते. मिल्स आणि रॉथवेल यांचा १९८२ चा: सात दिवसांतल्या कुठल्याही तीन दिवशी कमाल तापमान २५ अंश किंवा जास्त आणि कमाल आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त असेल तर फवारा. हॉल यांचा १९८४ चा: सलग दोन दिवस पाऊस आणि सरासरी २२ अंश, किंवा सलग तीन ओले दिवस आणि सरासरी १५ अंश. पहिला नियम उन्हाळ्यात सारखी धोक्याची घंटा वाजवतो, कारण पहाटे ९० टक्के आर्द्रता कुठेही होते. दुसरा पावसावर अवलंबून, आणि डॉलर स्पॉटला पावसाची गरजच नसते. रात्रभराचं दव पुरतं. दोन्ही नियमांचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. स्मिथ-कर्न्सचा खरा फायदा हा की उत्तर टक्क्यांत मिळतं, आणि आपली रेषा आपण हलवू शकतो.

मूळ चाचण्यांत २० टक्क्यांची रेषा पाळून कॅलेंडरइतकंच नियंत्रण मिळालं आणि काही ठिकाणी फवारण्या ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. ‘काही ठिकाणी’ हे शब्द विसरू नका. जिथे वसंत आणि शरद ऋतू लांब आणि चढउताराचे असतात तिथेच बचत होते. उन्हाळाभर चिकचिक असलेल्या भागात मॉडेलही दर पंधरवड्याला ‘मारा’च म्हणतं.

वापरायची पद्धत

आकडा रेषा ओलांडेल त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहिली फवारणी. डाग दिसायची वाट बघायची नाही. डाग दिसले म्हणजे बुरशी पानात शिरून काही दिवस झालेले असतात. मग औषधाच्या लेबलवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस मॉडेलकडे बघूच नका. ती मुदत संपली की पुन्हा आकडा बघा. रेषेच्या वर असेल तर पुढची फवारणी, खाली असेल तर थांबा आणि रोज बघत राहा, तो वर येईल तेव्हा मारा. यातलं ‘थांबा’ हेच मॉडेलचं सगळं उत्पन्न आहे. बरेच जण मुदत संपली की मन खाऊ लागतं म्हणून मारूनच टाकतात, मग मॉडेल कशाला पाहिजे?

रेषा २० वरच ठेवायची असंही नाही. बेंटग्रासच्या (थंड भागातलं गोल्फ मैदानाचं गवत) ‘क्रेन्शॉ’सारख्या रोगाला चटकन बळी पडणाऱ्या जातीवर, किंवा दरवर्षी जिथे डाग पडतात त्या सखल, झाडांनी कोंडलेल्या ग्रीनवर (खळग्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) ती २० किंवा किंचित खाली बरी. ‘डिक्लरेशन’सारख्या दणकट जातीवर किंवा फेअरवेवर (ग्रीनकडे नेणारा गवताचा मोठा पट्टा) ३०–४० पर्यंत न्यायला हरकत नाही. फरक किती पडतो ते बघा: आर्द्रता ८० टक्के असताना २० ची रेषा १५ अंशांवर येते, ४० ची २० अंशांवर. उत्तर अमेरिकेच्या वसंतात हे पाच अंश चढायला काही आठवडे लागतात. तेवढी एखादी फवारणी सहज वाचते.

कुठे फसतं

सर्वात मोठा घोळ आर्द्रतेच्या सेन्सरचा. स्वस्त सेन्सरमध्ये पाच टक्क्यांची चूक सहज असते. खरी शक्यता २० टक्के असताना सेन्सर पाचने जास्त दाखवत असेल तर मॉडेल २८ सांगतं, पाचने कमी दाखवत असेल तर १४. एकाच सकाळी एक जण टाकी भरतोय, दुसरा निवांत बसलाय, आणि दोघांचं गवत एकच. सेन्सर डांबरी रस्त्याजवळ, शेडच्या भिंतीला किंवा पत्र्याखाली लावला की आर्द्रतेचा आकडा कायम कमी येतो. विमानतळावरच्या केंद्राची नोंद मोकळ्या माळरानाची असते. ओढ्याकाठच्या कोंदट ग्रीनला ती लागू पडत नाही. सेन्सर गवतावर, हवेशीर पांढऱ्या आवरणात, सावलीच्या इमारतींपासून दूर लावा. ते जमत नसेल तर साइटवरचा आकडा घेऊन रेषा पाच टक्क्यांनी खाली धरा.

दुसरं म्हणजे टोकाचं तापमान. मॉडेल १० ते ३५ अंशांच्या आतच वापरायचं आहे, पण सूत्राला ते कळत नाही. ९ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता घाला, उत्तर २४ टक्के येतं. ३६ अंश आणि ४० टक्के घाला, २९ येतं. दोन्ही उत्तरं केराच्या टोपलीत टाकायची. साइट हे स्वतः गाळतात, घरच्या शीटमध्ये ती अट आपण घालावी लागते. आणि बहुतेक जण ती घालायला विसरतात.

तिसरं, पाच दिवसांची सरासरी म्हटली की थोडी दिरंगाई आलीच. कोरड्या आठवड्यानंतर एकदम दमट वारा सुटला तर आकडा रेषेवर यायला दोन-तीन दिवस लागतात. ज्या साइटवर पुढच्या दिवसांचा अंदाजही दिसतो ती त्यासाठी निवडावी.

मॉडेलला न दिसणाऱ्या गोष्टी तर याहून महत्त्वाच्या. पान किती तास ओलं राहिलं, संध्याकाळी स्प्रिंकलर चालवला का, नत्र किती दिलं, मागच्या वर्षी रोग किती होता, हे त्याला ठाऊक नाही. नत्र कमी पडलेल्या गवतावर डॉलर स्पॉट हटकून येतो. हंगामात दर एक-दोन आठवड्यांनी हजार चौरस फुटाला ४५ ते ९० ग्रॅम शुद्ध नत्र, म्हणजे युरियाच्या हिशेबात साधारण १०० ते २०० ग्रॅम, पातळ फवारून दिलं तर डाग निम्म्याने कमी दिसले तरी नवल नाही. पाणी द्यायचं तर पहाटे, दव पडलेलं असतानाच. ओल्या पानावर आणखी पाणी पडल्याने ओलेपणाचे तास वाढत नाहीत. संध्याकाळचं पाणी ते वाढवतं. सकाळी लवकर कापणी करणं, लांब दोर किंवा काठी फिरवून दव झाडणं, रोलर फिरवणं यानेही रोग उतरतो. हे सगळं नीट असेल तर रेषा ३० ला न्यायची हिंमत होते.

आणि हो, ७० टक्के म्हणजे सत्तर टक्के लॉन जळणार असं नव्हे. ती रोग येण्याची शक्यता आहे, तो किती तीव्र असेल त्याचा अंदाज नाही.

वेळ बरोबर, औषध चुकीचं

रेषा अचूक पाळूनही डाग का वाढले, याचं उत्तर अनेकदा टाकीत असतं. ॲझोक्सिस्ट्रॉबिन ब्राउन पॅच या दुसऱ्या बुरशीजन्य रोगावर चांगलं, पण डॉलर स्पॉटवर चालत नाही. एकट्याने मारलं तर पैसे पाण्यात. कार्बेन्डाझिम आणि थायोफेनेट-मिथाईल या एकाच गटातल्या (बुरशीवर एकाच पद्धतीने काम करणाऱ्या) औषधांना या बुरशीत प्रतिकार खूप पसरलेला आहे आणि तो एकदा आला की औषध थांबवूनही वर्षानुवर्षं जात नाही. प्रोपिकोनॅझोलच्या गटाचा परिणाम एकदम संपत नाही, पण दिवस कमी होत जातात: एकवीस दिवसांचं औषध बारा दिवसांवर येतं. मॉडेल तुम्हाला ‘अजून मुदत आहे’ समजून गप्प बसवतं आणि तेवढ्यात डाग उघडतात.

अमेरिकेतली ढोबळ मापं अशी: बोस्कॅलिडचं ७० टक्के दाणेदार औषध हजार चौरस फुटाला ३.७ ते ५.१ ग्रॅम, १४ ते २८ दिवस. फ्लुआझिनाम १५ मिली, १४ दिवस. प्रोपिकोनॅझोल १४.३ टक्के ३० ते ६० मिली. गट आलटून-पालटून वापरायचे. लागोपाठ दोनदा एकच गट नको, शक्यतो जोडीला स्पर्शजन्य (पानात न शिरता वरच राहणारं) औषध. क्लोरोथॅलोनिल हे त्यातलं जुनं आणि भक्कम, पण अमेरिकेत घराच्या लॉनवर ते मारायला परवानगी नाही आणि युरोपीय संघाने २०१९ साली त्याची मंजुरीच काढून घेतली. डॅलस किंवा न्यू जर्सीतल्या घरामागच्या लॉनवाल्यांनी गोल्फ मैदानाची फवारणी यादी जशीच्या तशी उचलू नये, ती या कारणासाठी.

भारतातून ही मापं वाचणाऱ्यांना आणखी एक इशारा. आपल्याकडे प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात मिसळायचं औषध) मिळतं. अमेरिकन मिली तसेच टाकले तर औषध दीडपटीहून जास्त जातं, वर ईसीमधल्या द्रावकाचा चटका वेगळा. या गटाने उन्हाळ्यात गवत खुजं, निळसर-काळपट होतं, वाढ थबकते. जास्त डोसने ते लवकर होतं. शिवाय इथल्या बऱ्याच डब्यांवर लॉन हे पीकच छापलेलं नसतं. लेबल वाचूनच निवड करा.

पाणी कमी वापरणं ही तितकीच सामान्य चूक. पानावरच्या रोगाला हजार चौरस फुटाला दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास पाणी हवं. गुंठ्याला आठ लिटर धरा. सोळा लिटरचा पाठपंप दोन गुंठ्यांना पुरतो. चार गुंठे एका पंपात उरकले तर औषध पानाच्या टोकांवरच बसतं. नोझल सपाट पंख्याचं, थेंब मध्यम. तणनाशकाचं मोठ्या थेंबाचं नोझल नको, आणि धुकं करणारं पोकळ शंकूचंही नको, ते वाऱ्याने उडतं. मारल्यावर पान पूर्ण वाळू द्यायचं आणि शक्यतो चोवीस तास कापणी टाळायची. नाहीतर अर्धं औषध गवताच्या डब्यात.

कापणीवरून एक मुद्दा, जो कुठलंच मॉडेल सांगत नाही. आंतरप्रवाही (गवतात शोषलं जाणारं) औषध पानात खालून वर सरकतं आणि वरचा भाग आपण दर दोन दिवसांनी कापून फेकतो. गवत जोमात वाढत असेल तर लेबलवरचे २१ दिवस खरे १४ च. वाढरोधक ट्रायनेक्सापॅक-इथाईल वापरणाऱ्यांकडे तेच औषध जास्त टिकतं.

पुण्या-मुंबईत उपयोग आहे का?

सूत्रात आपले आकडे घालून बघा. पुण्यातल्या जुलैसाठी २५ अंश आणि ८२ टक्के धरले तर शक्यता ६८ टक्के येते. मुंबईच्या जुलैसाठी साडेसत्तावीस आणि ८७ धरले तर ८४. म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दिवा लालच. जो दिवा कधी विझत नाही त्यावर निर्णय कसा घेणार? ऑक्टोबरमध्ये २५ अंश आणि ७० टक्क्यांना ४२ येतात, फेब्रुवारीत २२ अंश आणि ५० टक्क्यांना ६. गंमत मे महिन्यात आहे: ३० अंश आणि ४८ टक्क्यांना २१. कोरड्या उन्हात, जिथे रात्री दवाचा थेंब नाही, तिथेही गणित ‘मारा’ म्हणतं, कारण ते तापमान आणि आर्द्रता यांची नुसती बेरीज करतं; तापमान भरपूर असलं की आर्द्रतेची कमतरता भरून निघाली असं समजतं. इथे त्याचं ऐकू नका. पहाटे गवतावर हात फिरवा, हात कोरडा राहिला तर पंप काढायचा नाही.

शिवाय गवत आणि बुरशी दोन्ही वेगळी. अमेरिकेच्या थंड भागातल्या बेंटग्रासवर क्लॅरिरीडिया जॅक्सोनी असते, तर हरळीसारख्या उष्ण हंगामी गवतांवर मुख्यतः क्लॅरिरीडिया माँटिथिआना. २०१८ पर्यंत ही सगळी एकाच जुन्या नावाखाली, स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा म्हणून, मोडत होती. पावसाळ्यात आपल्या लॉनवर दिसणारे डाग डॉलर स्पॉटचेच असतील असंही नाही. बायपोलारिस आणि कर्व्हुलारियाचे पानठिपके, रायझोक्टोनियाचे मोठे पट्टे, पाणी तुंबलेल्या भागात पिथियम हे दुसरे रोग सगळे त्याच वेळी येतात आणि त्यांच्याबद्दल मॉडेल एक अक्षर बोलत नाही. डॉलर स्पॉटची खूण पानावर बघा: आडवा, मधे आवळलेला फिकट गवती रंगाचा डाग, दोन्ही कडांना तांबूस-तपकिरी रेघ. पहाटे त्यावर पांढरी जाळी दिसते आणि दव वाळलं की नाहीशी होते. कडा तांबूस नसेल, पान तेलकट आणि गडद होऊन चिकटलं असेल तर पिथियमकडे बघा. तिथे वरच्या यादीतली बोस्कॅलिड किंवा प्रोपिकोनॅझोल मारून काही होणार नाही.

आपल्याकडे मॉडेलचा एकच प्रामाणिक उपयोग आहे: पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, फवारणी कधी बंद करायची. आकडा सलग आठवडाभर २० च्या खाली राहिला तर हात आखडता घ्यायला हरकत नाही.

रेषा आपल्या जागेवर बसवायची युक्ती

हे साधन विकत घ्यावं लागत नाही, पण पहिल्या वर्षी त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. फवारणीच्या वेळी चार बाय चार फुटांचा प्लायवूडचा तुकडा दरवेळी त्याच जागी गवतावर ठेवा, पंप पुढे गेला की लगेच उचला. तेवढा चौकोन औषधाविना राहतो. जागा नेहमी रोग येणारी निवडा, उगाच वाऱ्यावरचा उंचवटा नको. या चौकोनात पहिला डाग दिसला त्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत मॉडेलचा आकडा काय होता ते लिहून ठेवा. डाग १५ टक्क्यांवरच आले तर पुढच्या हंगामात रेषा १५. आकडा दोन आठवडे ३० वर असूनही चौकोन स्वच्छ राहिला तर रेषा २५ करा, आणि एका हंगामात पाचापेक्षा जास्त हलवू नका. चौकोन आणि भोवतालचं फवारलेलं गवत यांत काहीच फरक दिसत नसेल आणि दोन्हीकडे डाग असतील, तर रेषेला हात लावू नका. औषधाचा गट बदला.